एक्स-रे नॉर्मल आहे, तरी वळताना गुडघा निसटतो. हे मनाचं दुखणं आहे का? ऑपरेशन लागेल का?

नाही, मनाचं नाही. तुम्ही लिहिलंय की खेळताना पाय मुरगळला, सरळ चालताना काही होत नाही, पण वळलं की गुडघा निसटतो आणि घरचे म्हणतात भीती बसलीय. हेच मी आठ महिने ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी बॅडमिंटन खेळायचो. मागच्या डाव्या कोपऱ्यातलं शटल उजव्या हाताने डोक्यावरून मारलं आणि डाव्या पायावर उतरलो. अंग वळलं, पाऊल तिथेच रुतलं. आतून 'टक्क' असा आवाज आला. कुणाचा धक्का नाही, कशावर आदळलो नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), बहुतेक वेळा असाच तुटतो. दोन तासांत गुडघा इतका सुजला की वाटी दिसेना. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात साचलेलं रक्त. नुसती गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली तर सूज सहसा सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत चढते. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

प्रशिक्षकांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला. "हाड शाबूत आहे, तीन आठवड्यांनी ये." गेलो. सरळ धावताना काही नाही, वळलो की खाली. "घाबरतोयस तू," सगळ्यांसमोर म्हणाले. मलाही ते खरं वाटायला लागलं, हे जास्त लागलं. मग एकदा असा पडलो की गुडघा अर्ध्यातच अडकला, सरळच होईना. तेव्हा कुठे एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेला, आणि आतल्या बाजूच्या गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला. सर्जनच्या मते गादी पहिल्या दिवशी फाटली नव्हती, नंतरच्या पडण्यांत गेली.

एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी दिसत नाही. आणि गुडघ्याला हाडांचा आधार असतोच किती? खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसतो. गुडघ्यात त्याच हाडाची गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. धरून ठेवतात ती लिगामेंटं, गाद्या आणि स्नायू. नडगी पुढे सरकू नये, आत पिळली जाऊ नये, हे काम एसीएलचं. सरळ चालताना स्नायू निभावून नेतात. पाय रोवून अंग फिरवलं की त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून सरळ धावून दाखव म्हणणाऱ्याला काहीही सिद्ध करता येत नाही.

ऑर्थोपेडिककडे जा आणि गुडघा हाताने तपासायला सांगा. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात, आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघतात. तोवर वळण्याचे खेळ पूर्ण बंद. मांडीचे स्नायू मात्र सोडू नका, ते फार लवकर वाळतात.

ऑपरेशनचं मला इथून सांगता येणार नाही. वळण्याचे खेळ सोडायची तयारी असेल तर नुसत्या व्यायामावर बरेच जण नीट राहतात. गुडघा अडकत असेल तर मात्र थांबू नका. आणि हो, निसटणं वाटीचंही असू शकतं, किंवा मांडीचा स्नायू दुबळा झाल्याचंही. तुमचा एसीएलच गेलाय असं मी म्हणत नाही. न दुखता नुसता कटकट आवाज येत असेल तर त्याची काळजी नको.

ते प्रशिक्षक अजून म्हणतात की मी ऑपरेशनची घाई केली. गादीला रक्तपुरवठा असतो तो बाहेरच्या कडेला. माझी त्या कडेच्या आत, रक्त न पोचणाऱ्या भागात फाटली होती, म्हणून शिवता आली नाही, तेवढा भाग कापून काढला. तो परत येत नाही. मी घाई केली नाही, उशीर केला, आणि तो त्यांच्या शब्दावर केला.