हातात धरून पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कोणती टेलिफोटो लेन्स घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, कॅनन आर१० आणि सोबत आलेली १८-१५० लेन्स आहे, ट्रायपॉड अजिबात बाळगायचा नाही, आणि सुट्टीच्या सकाळी फिरत फिरत पक्षी टिपायचे आहेत. पर्याय तीन: कॅननची आरएफ १००-४००, आरएफ २००-८००, किंवा आरशावाल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या जमान्यातली सेकंडहँड १५०-६०० अडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं कडं) लावून. हे आकडे फोकल लेंग्थचे, एमएममध्ये. आकडा जितका मोठा, तितका पक्षी मोठा दिसतो. तुमच्या जागी मी डोळे झाकून १००-४०० घेईन. पैसे वाचतात हे खरंच आहे, पण पैशांचा प्रश्न नसता तरी सुरुवातीला मी हीच सुचवली असती.

हातात धरून फोटो काढायचे म्हटलं की सगळ्यात आधी वजन बघायचं. आरएफ १००-४०० भरते ६३५ ग्रॅम. आर१० बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून किलोच्या जरासं वर. आरएफ २००-८०० एकटीच २,०५० ग्रॅमची आहे, तुमच्या बॉडीवर लावली की अडीच किलो. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम, वर अडॅप्टर. म्हणजे तीही तिथेच जाते.

दुकानात काउंटरवर उचलून पाहिलं तर अडीच किलोचं काही वाटत नाही. जंगलात मात्र वेगळं घडतं. हळद्या पानाआड बसलेला असतो, आत्ता बाहेर येईल म्हणून तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून थांबता. पहिली वीस सेकंदं ठीक जातात. मग डावा दंड भरून येतो, फ्रेम डुलायला लागते, तुम्ही क्षणभर कॅमेरा खाली घेता आणि नेमका तेव्हाच तो निघून जातो. सकाळी साडेसहा ते दहापर्यंत असं कितीदा तरी होतं. नऊनंतर हात इतका थकलेला असतो की समोर पक्षी दिसूनही कॅमेरा वर करायचा उत्साह राहत नाही. मी हे माझ्याबरोबर फिरणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. मोठी लेन्स हौसेने घेतात, काही महिने नेतात, आणि मग ती कपाटातच राहते. घरी एक प्रयोग करून बघा. एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक पिशवीत घालून ती पिशवी डोळ्यांच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. थोडं थांबून पुन्हा. दहा-बारा वेळा जमलं, तर मोठ्या लेन्सचा विचार करायला हरकत नाही.

आता तुमची मुख्य शंका: ४०० एमएम पुरेल का? हिशोब मांडूनच बघू. जांभळा सूर्यपक्षी साधारण १० सेंटिमीटरचा. तो तुमच्यापासून १० मीटरवर असेल तर ४०० एमएमवर सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ४ मिलिमीटरची पडते. आर१०चा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे, त्यावर आडवे ६,००० पिक्सेल. म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला आले अकराशेच्या आसपास. क्रॉप करून मोबाइलवर, इन्स्टावर टाकायला किंवा छोटी प्रिंट काढायला एवढे पुरतात. ८०० एमएमवर हेच पिक्सेल दुप्पट होतील, हे मान्य. पण तेच तुम्ही १० मीटरवरून ५ मीटरवर गेलात तर ४०० एमएमवरही दुप्पट होतात. अंतर निम्मं करणं आणि फोकल लेंग्थ दुप्पट करणं एकाच हिशोबाचं आहे. किलोभर वजन घेऊन माणूस वाकून, बसून, झाडाच्या आडोशाने हळूहळू पुढे सरकू शकतो. अडीच किलो घेऊन ते फार अवघड जातं.

जवळ जायचं म्हणजे पक्ष्याला त्रास द्यायचा नाही, हे सांगायलाच हवं. घरट्याजवळ जायचं नाही, मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचं नाही. पक्षी खाणं थांबवून तुमच्याकडे रोखून बघू लागला किंवा सावधानतेचा आवाज काढू लागला, की तिथेच थांबायचं. सूर्यपक्षी, वेडा राघू, खंड्या, तांबट यांच्या रोजच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे आधी जाऊन शांत बसलात तर अंतर ते स्वतःच कमी करतात.

८०० एमएमची आणखी एक अडचण असते, ती विकत घेईपर्यंत लक्षात येत नाही. आर१०च्या सेन्सरवर ८००ला २० मीटरवरच्या झाडाचा फक्त अर्ध्या मीटरचा तुकडा व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. झाडभर पानं सारखीच. हात थोडा हलला की पक्षी फ्रेमबाहेर, आणि तो कुठे गेला हे कळायलाच चार-पाच सेकंद जातात. सरावाने जमतं, पण तो सराव ४००वर करावा. सवय अशी लावून घ्या: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, कॅमेरा उचलून डोळ्यापाशी आणायचा. आधी १००-१५०ला झूम ठेवून पक्षी शोधायचा, मग ४००पर्यंत जायचं. डावा तळवा लेन्सच्या खाली, दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले, डोळा व्ह्यूफाइंडरला घट्ट. मागच्या स्क्रीनवर बघत हात लांब करून फोटो काढलात, तर कुठलीही लेन्स घ्या, फोटो हलणारच.

आरएफ १००-४००वर होणारी टीका एकच, आणि ती रास्त आहे: ४००ला ती एफ/८ आहे (अ‍ॅपर्चरचा हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणला उन्हात याने काही बिघडत नाही. लख्ख ऊन असेल तर एफ/८ आणि १/२००० सेकंदाला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००-८००वर काम होतं, उडणारा नदी सुरय व्यवस्थित गोठतो. पण सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत सकाळी गेलात तर परिस्थिती पूर्ण बदलते. ओढ्याकाठच्या दाट सावलीत स्वर्गीय नर्तक किंवा नीलिमा यांच्यासारखा पक्षी एका जागी बसलेला असेल, तरी १/५०० ठेवलं की आयएसओ ३२०० लागतो, झाडी दाट असेल तर ६४००, कधी त्याच्याही वर. फोटोत दाणे येतात. तिथे एफ/५.६ची लेन्स असेल तर एक पूर्ण स्टॉप (दुप्पट प्रकाश) वाचतो, म्हणजे ६४००चा ३२०० होतो. फरक आहे, पण लेन्सच बदलून टाकावी इतका नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढा, लाइटरूम किंवा डीएक्सओ या सॉफ्टवेअरच्या नॉइज, म्हणजे हे दाणे, कमी करण्याच्या सोयी आता इतक्या चांगल्या झाल्यात की ६४००चा फोटो बराच सावरतो. पक्षी निवांत बसलेला असेल तर १/१२५पर्यंत खाली या आणि लहान लहान बर्स्ट (सलग फोटो) मारा. आर१० बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, लेन्समध्ये आहे आणि ते चांगलं आहे. हाताची थरथर ते सावरतं, पक्ष्याने मान हलवली तर त्यापुढे त्याचा इलाज नाही. म्हणूनच आठ-दहा फोटोंमधला एखादा शार्प निघेल या हिशोबाने काढायचे. आणि हो, २००-८०० याबाबतीत तुम्हाला वाचवणार नाही. ८००ला ती एफ/९ आहे, म्हणजे सावलीत प्रकाश आणखीच कमी.

भिगवणची गोष्ट वेगळी सांगतो, कारण तुम्ही तिथे जाणारच. कुंभारगावहून नावेने उजनीच्या पाण्यात जायचं. हलत्या नावेत ट्रायपॉडचा तसाही उपयोग नसतो, सगळं हातातच. रोहित पक्षी सव्वा मीटरच्या आसपास उंच. ६० मीटरवर उभा असला तरी ४००वर तो आडव्या फ्रेमची निम्मी उंची व्यापतो. थवा उडाला तर ४००सुद्धा जास्त होतं, २००वर यावं लागतं. म्हणून इथे झूम हवी, फिक्स लेन्स नको. दहानंतर पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते आणि लांबच्या पक्ष्यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. हा दोष लेन्सचा नसतो. त्या वेळी ८०० लावली तर ती लहरणारी हवाच मोठी होऊन येते. सूर्योदयालाच नाव काढा, नावाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि थव्यात नाव घालू नका असंही सांगा.

मग २००-८०० कुणासाठी? ज्यांना खाडीच्या चिखलावरचे छोटे किनारी पक्षी, माळावरचे ससाणे आणि गरुड, म्हणजे जिथे जवळ जाताच येत नाही असे पक्षी मुख्यतः टिपायचे आहेत, आणि जे गाडीतून किंवा लपणातून, बीनबॅगवर टेकवून फोटो काढतात, त्यांच्यासाठी ती फार उपयोगी आहे. तुमचं फिरणं पायी आहे. किंमतही १००-४००च्या तिपटीच्या आसपास पडते.

जुनी १५०-६०० मी तुम्हाला सुचवणार नाही. वजन २००-८००इतकंच, वर अडॅप्टर लावलेल्या दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचा फोकस नव्या बॉडीवर प्रत्येक वेळी सारखा वागेल याची खात्री नसते. सेकंडहँडच घ्यायची असेल तर कॅननच्याच ईएफ लेन्स बघा. ईएफ ४०० एफ/५.६ एल १९९३ची आहे, वजन १,२५० ग्रॅम, उडते पक्षी टिपायला आजही उत्तम. स्टॅबिलायझेशन मात्र नाही, आणि साडेतीन मीटरच्या आत ती फोकस करत नाही. दुसरी ईएफ १००-४०० मार्क टू, दीड किलोच्या थोडी वर, ४००ला एफ/५.६, स्टॅबिलायझेशन आहे. सावलीतल्या पक्ष्यांचीच ओढ असेल तर तिचा जरूर विचार करा. घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लेन्समध्ये टाकून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या. तुमचीच बॉडी नेऊन फोकस आणि झूम तपासा.

सेटिंगचं थोडक्यात. फोकस सर्वो (हलत्या पक्ष्यावर सतत राहणारा), ओळखायचा विषय 'प्राणी' ठेवा, पक्षी त्यातच येतात आणि आर१० डोळा छान पकडतो. शटर मेकॅनिकलच ठेवा. सेकंदाला १५ फोटो मिळतात, भरपूर झाले. इलेक्ट्रॉनिक शटरने २३ मिळतात, पण वेगाने फडफडणारे पंख वाकडे येतात. मॅन्युअलमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवून आयएसओ ऑटोवर सोडा.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असलेल्यांसाठी एवढंच: निकॉन झेडवर ६०० एफ/६.३ दीड किलोच्या आत बसते, महाग आहे पण हातात धरायला तिच्यासारखी सोय क्वचितच मिळते. सोनीची २००-६०० दोन किलोच्या वर, मात्र झूम करताना तिची लांबी वाढत नाही, त्यामुळे तोल बिघडत नाही. ओएमची ३०० एफ/४ छोट्या सेन्सरमुळे ६००चं काम करते.

१००-४०० घेतलीत की हूड वेगळा विकत घ्या, तो खोक्यात येत नाही. कडेचं ऊन अडवायला आणि झुडपात काच वाचवायला तो हवाच. या लेन्सला पावसापासून संरक्षण नाही. जूनमध्ये नवरंग पक्षी शोधायला कोकणात उतरणार असाल तर रेनकव्हर घ्या. पावसाळाभर लेन्स बॅगेत बंद करून ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. शक्य असेल तर आधी शनिवार-रविवारपुरती १००-४०० आणि २००-८०० दोन्ही भाड्याने घेऊन बघा, पुण्यात मिळतात. पहिल्या दिवशी मोठी न्या, दुसऱ्या दिवशी लहान, त्याच वाटेवर, त्याच वेळी.