तिघींची चाचणी एकदम नको, आधी आईची

ताई, देवगडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, ती त्यातून सावरली. मावशी मात्र अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आता तुमची, वय ३४, आणि दोघी बहिणींची जनुकीय चाचणी करायला पतपेढीतली चार लाखांची ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारता. लॅबने माणशी २० हजार सांगितलेत.

चाचणी कराच. पण सुरुवात आईपासून. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतल्या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तिच्यात यातला दोष सापडला, तर तुम्हा भावंडांना तेवढा एकच दोष तपासावा लागतो आणि ती चाचणी बरीच स्वस्त पडते. आईला वगळून तुम्ही तिघी तपासून आलात आणि काही निघालं नाही, तर तुम्ही सुटलात की घरातला दोष वेगळाच आहे, हे कळतच नाही. साठ हजार जातील आणि घोर तसाच राहील.

तुमच्या पत्रात भाऊ फक्त आंब्याच्या बागेच्या हिशेबात आला आहे. आईचा दोष मुलाकडेही ५० टक्के शक्यतेने जातो, त्याच्याकडून पुढे त्याच्या मुलीकडे. त्यालाही यात घ्या.

आईच्या चाचणीसाठी ठेव मोडू नका; कलमांच्या कराराचे पैसे येतील त्यातून भागवा. ठेवीची खरी गरज नंतर लागेल. तुमच्यापैकी कुणात दोष निघाला तर दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), त्यासाठी कोल्हापूर किंवा मुंबईची फेरी, मुक्काम, बुडालेली मजुरी. हा खर्च वर्षानुवर्षं चालतो आणि साधा आरोग्य विमा तो सहसा देत नाही. अंडाशयासाठी तर भरवशाची तपासणीच नाही, म्हणून बीआरसीए१ असेल तर मुलं झाल्यावर साधारण ३५ ते ४० या वयात अंडाशय काढण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तुमच्या वयाला ही वेळ जवळच आहे. या शस्त्रक्रियेचा दावा मंजूर होईलच असं धरू नका. म्हणून चार लाखांचे तुकडे करा: दरवर्षीच्या तपासणीसाठी एक लाख दर जूनला मुदत संपणाऱ्या ठेवीत, बाकी शस्त्रक्रियेसाठी राखीव.

विमा मात्र चाचणीआधी घ्या, आरोग्याचाही आणि टर्मचाही, म्हणजे ठरावीक मुदतीचा जीवन विमा. विमा नियामकाच्या २०१९च्या सूचनांनी आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळायला मनाई केली. पण नवा अर्ज स्वीकारायचा की नाही, हप्ता किती लावायचा, हे कंपनी ठरवते. अर्जात आईचा, मावशीचा आजार विचारला तर खरं तेच लिहा. लपवलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते, तेव्हा घर आधीच हादरलेलं असतं.

अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा, म्हणजे जनुकात बदल दिसला पण तो घातक आहे का हे ठाऊक नाही, असा आला तर त्यावरून कसलीही शस्त्रक्रिया ठरवू नका. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या नवी मुंबईतल्या खारघर केंद्रात आनुवंशिक कर्करोगासाठी समुपदेशन मिळतं. आईचे जुने बायोप्सीचे कागद शोधून ठेवा आणि रक्त देण्याआधी तिथली वेळ घ्या.