७ फूट उंच सागवानी कपाट काटकोनात कसे जोडावे?

सरस लावण्यापूर्वी संपूर्ण कपाट एकदा कोरडेच जोडून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान भरले, तरच चौकट काटकोनात आहे, आणि फरक आढळल्यास लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा (क्लॅम्प) आवळून तो काढता येतो. कुसवाची, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेल्या व दुसऱ्याच्या खाचेत बसणाऱ्या जिभेची, जाडी लाकडाच्या साधारण एक-तृतीयांश असावी आणि ते हाताच्या दाबाने खाचेत बसावे. ठोकावे लागत असेल, तर खाच न वाढवता कुसूच किंचित तासावे. दाराच्या मधल्या फळीला मात्र सरस मुळीच लावू नये, कारण पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते आणि खोबणीत मोकळीक नसेल, तर भक्कम सांधेही उकलतात. २ फूट खोलीचे हे कपाट आडवे जोडून उभे करताना त्याचा बाजूचा कर्ण छताकडे येतो, म्हणून छताखाली किमान ७ फूट ४ इंच उंची लागते, हे आधीच तपासावे.