डब्यातली दुसरी रेघ

“ताई, सात महिने झाले, आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी कधी 28 दिवसांनी येते, कधी 36. या वेळी धीर धरवला नाही. 26व्या दिवसापासून रोज सकाळी एक किट, अशी सहा झाली. सगळ्यांवर एकच रेघ. पण काल सकाळी टाकून दिलेलं किट संध्याकाळी पुन्हा डब्यातून काढून पाहिलं, तर दुसरी पुसट रेघ! नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. आनंद मानू का? – डब्यात हात घालणारी, वय 29”

मैत्रिणी,

तुझी सही वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. डब्यातून किट बाहेर काढणारी तू एकटी नाहीस, एवढं आधी सांगते.

ती रेघ मात्र धरू नकोस. किट पाहायचं ते पाकिटावर दिलेल्या वेळातच. बहुतेक किटांना 3 ते 5 मिनिटं पुरतात, आणि दहा मिनिटांनंतर दिसलेलं काहीही हिशेबात घ्यायचं नसतं. लघवी वाळली की दुसऱ्या रेघेच्या जागी एक राखाडी, बिनरंगाची सावली उमटू शकते, दिवस गेलेले नसले तरीही. खरी रेघ कितीही पुसट असो, तिला रंग असतो. अशी रंगाची रेघ वेळेत दिसली तर मात्र ‘हो’ समजायचं. पुसट म्हणजे अर्धवट ‘हो’ नव्हे.

आता सकाळच्या त्या सहा ‘नाहीं’चं. पट्टी लघवीत एकच गोष्ट शोधते, एचसीजी नावाचं संप्रेरक. पुढे ज्यांची वार बनते त्या पेशी ते तयार करतात, आणि गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच ते अंगात मिसळायला लागतं. पट्टीवर लघवी सरकताना रंगीत कण लावलेली प्रतिपिंडं या संप्रेरकाला चिकटतात. किटवरच्या ‘टी’ अक्षरापाशी, म्हणजे दुसऱ्या रेघेच्या जागी, आणखी काही प्रतिपिंडं पक्की बसवलेली असतात, ती या जोडगोळीला अडवतात. पुरेसे कण अडकले की रेघ दिसते. ‘सी’ अक्षरापाशी येणारी पहिली रेघ फक्त एवढंच सांगते की लघवी शेवटपर्यंत पोचली. तीच आली नाही तर ते किट बाद.

आता तुझ्या तारखा मांडू. पाळीच्या साधारण 14 दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडतं. तुझी पाळी 36व्या दिवशी येणार असेल तर ते 22व्या दिवशी सुटलं. रुजायला त्यानंतर 6 ते 12 दिवस लागतात, म्हणजे 28 ते 34वा दिवस. तू 26व्या दिवशी पट्टीला विचारलंस! तेव्हा सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. रुजल्यावरही सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, त्यामुळे आजचा ‘नाही’ चार दिवसांनी ‘हो’ होऊ शकतो. म्हणजे तुझे सहा ‘नाही’ अजून काहीच सिद्ध करत नाहीत. हे तुला दिलासा म्हणून सांगत नाही, हिशेबच तसा आहे.

म्हणून पुढची तारीख 37वा दिवस. पाळी इतकी पुढेमागे होणाऱ्या कुणालाही दुसरा एक सोपा हिशेब वापरता येतो: शेवटच्या संबंधानंतर 21 दिवसांनी. सकाळची पहिली लघवी घे, कारण ती दाट असते. आदल्या रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपू नकोस. तेव्हाही एकच रेघ आली आणि पाळीचा पत्ता नसेल, तर आठवड्याने पुन्हा एकदा. मग डॉक्टरांकडे, रक्ताच्या तपासणीला. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याने खोटी दुसरी रेघ येऊ शकते. साध्या प्रतिजैविकांनी तसं होत नाही.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे, थोडं कडू. काही गर्भ रुजतात आणि थोड्याच दिवसांत निसटतात. पाळी दोन-चार दिवस उशिरा आली, एवढंच कळतं. रोज किट लावणारीला मात्र आधी आनंद होतो आणि मग तो हातचा जातो.

एके काळी ही तपासणी बेडकीवर होत असे. बाईची लघवी टोचायची आणि बेडकीने अंडी घातली की ‘हो’. 1970च्या दशकातल्या पहिल्या घरगुती किटांना दोन तास धक्का न लावता ठेवावं लागे. आपल्याला पाच मिनिटंही मोठी वाटतात.

‘हो’ आलंच आणि त्यासोबत पोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं असं काही असेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठ. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला तरी पट्टी ‘हो’च म्हणते. जागा तिला कळत नाही, ती सोनोग्राफीत दिसते. फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून आताच सुरू कर, आणि पाळीच्या या पुढेमागे होण्याबद्दलही त्यांच्याशी बोल. त्यासाठी प्रयत्नांचं वर्ष पुरं होण्याची वाट पाहायची गरज नाही.

नवऱ्याला निकाल नको सांगू, तो अजून आलेलाच नाही. 37वा दिवस तेवढा सांग. त्या सकाळी घड्याळ त्याच्या हातात दे, पाच मिनिटांनी दोघांनी मिळून पाहा, आणि मग ते किट कागदात गुंडाळून टाक. डबा बाहेर रिकामा करून यायचं काम त्याचं.