आंबट वासाच्या निगेटिव्ह

प्रश्न : आमच्या छोट्या संग्रहालयाला एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या १९६२ ते १९८५ या काळातल्या सुमारे ५,००० निगेटिव्ह मिळाल्या आहेत. बहुतेक ३५ मिमीच्या पट्ट्या आहेत. कपाट उघडलं की आंबट वास येतो. काही पट्ट्या वाकल्यात. डांबर गोळ्या ठेवल्या आहेत. आणखी काय करावं? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी त्या गोळ्या काढून टाका. ज्या वासावरून दुखणं ओळखायचं, तोच त्या झाकून टाकतात.

आंबट वास ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचाच. तुमच्या फिल्मचा पाया, म्हणजे चित्राखालची पारदर्शक पट्टी, सेल्युलोज ॲसिटेटचा असणार. उष्ण, दमट हवेत त्याचं विघटन होतं, आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची झीज वाढवतं. बंद लोखंडी कपाटात ते कोंडून राहतं आणि चांगल्या पट्ट्यांनाही बाधतं. म्हणून खिडक्या उघड्या ठेवून तीन ढीग करा : वास नसलेल्या, वास येणाऱ्या पण सपाट आणि सुरकुतलेल्या. हे तीन ढीग पुन्हा एका कपाटात ठेवू नका.

स्कॅनिंग मधल्या ढिगापासून सुरू करा. तिथे चित्र अजून पूर्ण आहे आणि वेळ थोडा आहे. सुरकुतलेल्या पट्ट्यांत पाया आकसलेला असतो, पण वरचा, चांदीच्या कणांचं चित्र धरणारा जिलेटिनचा थर तेवढा आकसत नाही, म्हणून तो सुटून त्याच्या वळ्या पडतात. त्यांच्यावर वजन, काच किंवा इस्त्री ठेवली तर तो थर तडकतो. बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि पुसताना चित्रच निघून येतं.

३५ मिमीला इंचाला ४,००० पिक्सेल, १६ बिट ग्रे (करड्या रंगाच्या बारीक छटा टिपणारं), टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणारी) फाइल पुरे. एका चौकटीला, म्हणजे एका फोटोला, सुमारे ४३ एमबी लागतात, ५,००० चौकटींना २०० जीबीच्या थोडं वर. दोन प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवा.

रबरबँड लगेच काढा, त्यातलं गंधक चांदीची प्रतिमा काळवंडवतं. बटर पेपरची डिंकाने चिकटवलेली पाकिटंही बदला, जोडाच्या रेषेवर डाग उमटतो. नवी पाकिटं आम्लमुक्त कागदाची, चारही बाजूंनी दुमडायची, बिनगोंदाची हवीत.

जुनी पाकिटं मात्र टाकू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ‘कोयना, १२ डिसें., रोल २’ एवढी शिसपेन्सिलीतली ओळ असली, तरी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा दुसरा दिवस हाती येतो. मग त्या आठवड्याच्या बांधीव अंकात छापलेला फोटो शोधा, ओळीतली नावं मिळतील. पट्टीच्या काठाला एखाद्या चौकटीपाशी मुद्दाम कापलेली खाच असेल, तर ती बहुधा छपाईसाठी निवडल्याची खूण. तिची नोंद करा. निगेटिव्ह आणि पाकिटाला दाखल नोंदवहीतला एकच क्रमांक द्या, पण ठेवा वेगळं.

शेवटी थंडी. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला साधारण ४० वर्षांत हा रोग लागतो. शून्याच्या आसपास तो शेकडो वर्षं लांबतो. स्कॅन झालेल्या आंबट पट्ट्यांचा डबा दोन झिप पिशव्यांत घाला. दोन पिशव्यांच्या मध्ये आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवा आणि बर्फ न साचणाऱ्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या. पिशव्या पावसाळ्यात भरू नका. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा गाठा, कारण आत कोंडलेला दमटपणा तसाच राहतो. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

प्रश्न : १९४० च्या आधीच्याही काही निगेटिव्ह आहेत. त्या धोक्याच्या असतात का?

उत्तर : सेल्युलोज नायट्रेट या जुन्या, चटकन पेटणाऱ्या पायाच्या असल्या तर हो. काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं नाही, तर नायट्रेटच धरून चाला. पिवळट, चिकट झालेली फिल्म जास्त धोक्याची. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतं, त्यामुळे आग विझवणं फार अवघड. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट चित्रपटांच्या कोठाराला आग लागून कित्येक रिळं गेली. जाळून पाहायची चाचणी अजिबात करू नका. अशा निगेटिव्ह बाकीच्या संग्रहापासून दूर, हवेशीर आणि थंड जागी ठेवा आणि तज्ज्ञांना बोलवा.

प्रश्न : या निगेटिव्हवरून आम्ही पुस्तक छापू शकतो का?

उत्तर : निगेटिव्ह भेट मिळाली म्हणजे कॉपीराइट मिळाला असं होत नाही. तो लेखीच हस्तांतरित व्हावा लागतो. भारतात २०१२ पर्यंत छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चाले, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तेव्हा १९६२ मध्ये छापलेले फोटोही आपोआप मोकळे झाले असं धरू नका, १९८५ चे तर नाहीतच.