रजा काढून आलो, तरी थकवा जात नाही

प्रश्न : ताई, मी चौदा जणांच्या टीमचा मॅनेजर आहे. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. त्यांचं काम रात्री बसून मीच उरकतो. वरून डेडलाइन, खालून कुरबुर. कुणी रजा मागायला आलं की माणूस दिसायच्या आधी अडलेलं काम दिसतं. फोन नुसता थरथरला तरी छातीत धस्स होतं. आठवडाभर रजा काढली, पण रुजू झालो त्याच दुपारी पुन्हा तेच. मी मॅनेजर व्हायच्या लायकीचाच नाही का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नव्हे, कामाचा ताण दीर्घकाळ न निस्तरल्याने येणारी अवस्था. खुणा तीन : गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा आणि ‘माझ्याकडून काही धड होत नाही’ ही भावना. पहिल्या दोन तुमच्या पत्रात आहेतच. तुमचा शेवटचा प्रश्न ही तिसरी. त्यामुळे त्याचं उत्तर आत्ता शोधूच नका.

रजेने का भागलं नाही? कारण तुम्ही परतलात तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा, ओझं जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, ही जोडी माणसाला जास्त पिळते. मधल्या फळीतल्या मॅनेजरचं हेच दुखणं. जबाबदारी पूर्ण, पण भरतीची सही दुसऱ्याची. (अशांना कंपन्या ध्यानधारणेच्या शिबिराला पाठवतात, तेही बहुधा रविवारी!)

तुम्ही रात्री बसून काम उरकता, म्हणून वरच्यांच्या लेखी माणसं कमी पडलेलीच नाहीत. हे थांबवायला हवं. त्यासाठी आधी एक आठवडा रात्रीचं प्रत्येक काम लिहून काढा : रिपोर्ट कोणता, किती वेळ गेला, मुळात कुणाचं होतं. तो कागद घेऊन साहेबांकडे जा. ‘फार लोड आहे’ म्हणू नका, त्यावर ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर तयारच असतं. विचारा, ‘माणसं मिळेपर्यंत यातली कोणती तीन कामं थांबवू?’ जे ठरेल ते त्याच दिवशी मेलवर टाका. नकार आला तर तोही.

आठवड्याचे तासही मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त दिसला.

छातीतल्या धडधडीला मात्र परस्पर ‘टेन्शन’ ठरवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जगणंच नको, असं मनात आलं तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं आणि घरातल्या कुणाला तरी सोबत न्यायचं.