गिटारचा नवा नेक मागवण्याआधी

नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांडीच्या, लाकडाच्या रंगावर भुलण्याआधी जुन्या नेकवर नटपासून (वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (दांडीवरची बारावी आडवी धातूची पट्टी) अंतर मोजून त्याची दुप्पट करावी. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर ती साधारण ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच भरते. लांबी बदलण्यासाठीच खास बनवलेला रूपांतराचा नेक सोडल्यास ही लांबी वेगळी घेऊ नये, कारण मग ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) कितीही सरकवला तरी सूर जुळत नाहीत. बॉडीत नेक बसतो त्या खोबणीची रुंदी व्हर्निअरने मोजावी, फूटपट्टीने नव्हे.

तारा ताणणाऱ्या खुंट्यांच्या, म्हणजे ट्यूनरच्या, बाबतीत मी स्वतः फसलो आहे: दहा मिलिमीटर छिद्रांचा नेक मागवला आणि जुन्या ट्यूनरची बारीक बुशिंगे (छिद्रात बसणारी धातूची कडी) त्यात खुळखुळू लागली. अखेर जाड बुशिंगे शोधावी लागली. म्हणून आधी ट्यूनर हातात घ्यावेत, मगच छिद्रांचे माप कळवावे.

सांगलीच्या पावसाळ्यात कच्चे मेपल (नेकचे लाकूड) ओल धरते, त्यामुळे फिनिश केलेला, म्हणजे वरून लेप दिलेला, नेकच घ्यावा. मिरजेचे सतार बनवणारे कारागीरसुद्धा लाकूड पुरते वाळल्याखेरीज त्याला हात लावत नाहीत. नेक बॉडीला जोडणाऱ्या स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडून आट्यांना मेण चोळावे, नाहीतर मेपलमध्ये स्क्रूचे डोके तुटते आणि उरलेला स्क्रू आत अडकतो.